डबा आपला, बाक त्यांचा

म्युनिकहून परत आल्यावर बस्तीत भेटणाऱ्या बायकांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. राजवाडे बघितलेस, चर्च बघितलीस, ते ठीक; पण बिअर करायच्या कारखान्यात तू काय करत होतीस गं?

प्रश्न रास्तच आहे. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ही आमच्याकडे श्रावकाच्या आचाराची पहिली पायरी. बेळगावातल्या आमच्या घरात 'दारू' हा शब्दसुद्धा आवाज खाली आणूनच उच्चारला जायचा. पण मुलगा पाच वर्षं म्युनिकला राहतो आहे, आणि ते गाव बघायचं तर बिअर वगळून बघता येत नाही. ऊस आणि गूळ वगळून कुणी कोल्हापूर दाखवेल का? तिथले संन्यासी, राजे, कर, दंगे, लग्नं, सगळं कुठे ना कुठे त्या पिंपापाशी येऊन थांबतं. शिवाय माझं स्वतःचं एक कारण होतं. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे सांगेनच.

पहिल्यांदा गेलो ते फ्रायझिंगला. म्युनिकहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो. गावाजवळच्या टेकडीवर वायहेनश्टेफान नावाचा मठ होता. इथे 1040 सालापासून बिअर होते असं ते सांगतात आणि 'जगातली सर्वांत जुनी चालू ब्रुअरी' असं अभिमानाने लिहितात. मठ 1803 साली सरकारने बंद केला, ब्रुअरी मात्र चालूच राहिली. आज ती बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे, आणि शेजारीच विद्यापीठात बिअर करण्याचं शास्त्र शिकवतात. आमचे हे दारातच म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी बाग बघतो." मी आणि मुलगा आत गेलो.

आत गेल्यावर मला ओळखीचं वाटलं ते स्वयंपाकघर. आधी बार्ली म्हणजे सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, आणि मोड पुरते वाढायच्या आत गरम हवेवर वाळवायचे. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात मुरवला की दाण्यातल्या पिठाची साखर होते. मग गाळायचं. चोथा गुरांना जातो. गाळलेलं गोड पाणी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं. त्यानं कडवटपणा येतो आणि टिकाऊपणाही. मग थंड करून यीस्ट घालायचं, आणि पुढचं काम त्यावर सोडून द्यायचं. मटकीला मोड आणणं, आंबील मुरवणं, पाणी गाळणं, चोथा म्हशीला घालणं, यात मला नवं असं काही नव्हतं. नवं होतं ते शेवटचं पाऊल, आणि नेमकं तिथेच आमची वाट वेगळी होते. यीस्ट जिवंत असतं. गाईड हे कौतुकाने सांगत होता, आणि त्याच्या कौतुकाचं जे कारण तेच माझ्या न पिण्याचं एक कारण होतं.

भिंतीवर 1516 सालच्या कायद्याची माहिती होती. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये, असा तो बव्हेरियाच्या ड्यूकने काढलेला हुकूम. यीस्टचं त्यात नावच नाही, कारण ते काम कोण करतं याचा उलगडा तेव्हा व्हायचा होता. या हुकमामागे निव्वळ शुद्धतेची चाड नव्हती. त्यात बिअरचे भाव बांधून दिले होते, आणि गहू रोटीसाठी शिल्लक राहावा हाही हेतू असल्याचं सांगतात. पुढे गव्हाच्या बिअरचा हक्क खुद्द राजघराण्याने आपल्याकडे घेतला आणि त्यावर तिजोरी भरली, ही गोष्ट मुलाने हसत सांगितली. म्हटलं, नियम करणारे कुठले का असेनात, सारखेच.

माझं खरं कुतूहल होतं ते मठांबद्दल. संन्यासी आणि मद्य, हे आमच्या डोक्यात एका ओळीत बसत नाही. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो. द्रवाने उपवास मोडत नाही अशी समजूत, म्हणून त्या दिवसांसाठी दाट, पोटभरीची बिअर करायची. पातळ रोटीच म्हणा ना. म्युनिकच्या पाउलानर ब्रुअरीचं नाव ज्या संन्याशांवरून पडलं, त्यांचा नियम तर वाचून मी थबकले. मांस नाही, अंडी नाहीत, दूध, लोणी, चीज काही नाही. आणि हे चाळीस दिवस नव्हे, जन्मभर. मासे मात्र चालत. इतकी कडक मंडळी, आणि त्यांचीच बिअर गावभर नावाजलेली! दशलक्षणात दहा दिवस एकभुक्त राहणाऱ्या आमच्या आज्जीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "एक दार लावायचं आणि खिडकी उघडी ठेवायची, असला उपवास." पण मला तेवढ्यावर हसून सोडता येईना. जीभ आवरायची आणि अंगात कामापुरती ताकद ठेवायची, हा हिशोब प्रत्येक धर्मातल्या उपवास करणाऱ्याला करावाच लागतो. त्यांचा आकडा वेगळा आला, एवढंच.

या सगळ्यात मला मनापासून आवडली ती बिअर गार्टन, म्हणजे बिअरची बाग. तिचा जन्मही गमतीचा आहे. उन्हाळ्यात बिअर नासते आणि भट्ट्यांमुळे आगी लागतात, म्हणून सोळाव्या शतकात हुकूम निघाला की 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्या काळातच बिअर करायची. मग उन्हाळ्याचा साठा ठेवायला ईझार नदीच्या काठी तळघरं खणली. ती गार राहावीत म्हणून वर खडी पसरली आणि चेस्टनटची झाडं लावली, कारण त्यांची पानं रुंद आणि मुळं खोल न जाणारी. सावली झाली, तिथे बाकं आली, बाकांवर माणसं आली. गावातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली, की सगळं गिऱ्हाईक तिकडे पळतं. तेव्हा 1812 साली राजा माक्सिमिलियानने तोड काढली: ब्रुअरीवाल्यांनी तळघरापाशी बिअर विकावी, रोटी द्यावी, त्यापलीकडे खाणं विकू नये. लोकांनी मग आपापला डबा आणायला सुरुवात केली. आज तिथे सगळं मिळतं, पण डबा नेण्याचा रिवाज तसाच आहे. टेबलावर कापड अंथरलेलं नसेल तिथे बसावं, पेय त्यांचं घ्यावं, खाणं आपलं उघडावं. कुणी हटकत नाही.

परदेशात आमच्यासारख्यांचा निम्मा जीव डब्यात अडकलेला असतो. हॉटेलात पानं उलटायची, विचारायचं, वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा वैताग बघायचा, आणि शेवटी फळं खाऊन उठायचं. आणि इथे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका भांडणाने माझी सोय करून ठेवलेली! हिर्शगार्टन नावाच्या बागेत आठ हजार माणसं बसतात, कुंपणापलीकडे हरणं चरतात. तिथल्या बाकावर मी दशम्या, लसूण न घातलेली शेंगाचटणी आणि दह्याचा डबा मांडला. समोरच्या आजीबाईंनी टोपलीतून चौकडीचं कापड, मुळ्याच्या चकत्या आणि आपलं ताट काढलं. दोघींनी एकमेकींच्या मांडामांडीकडे बघून मान डोलावली. जूनचा शेवट होता. तिकडे सूर्य सव्वानऊला मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचा माझा नियम बसल्या जागी पाळला गेला. प्यायला सफरचंदाचा रस आणि सोडा. 'बिनअल्कोहोलची बिअर घेता का,' असं वाढणाऱ्या बाईने विचारलं होतं, मुलगाच म्हणाला, "नको, त्यातही अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं."

त्याला हे इतकं नेमकं कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलं. आता माझं कारण सांगते.

माझे धाकटे काका पीत असत. दुकानाच्या मागच्या खोलीत, दार लावून, एकटे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. आज्जी त्यांचं ताट झाकून ठेवायची आणि विचारलं तर म्हणायची, "पित्त झालंय त्याला." डॉक्टरलासुद्धा पित्तच सांगितलं. बेचाळिसाव्या वर्षी लिव्हरने गेले. तेराव्या दिवशीही तो शब्द कुणी उच्चारला नाही. काकूचे ओठ तर अजून मिटलेलेच आहेत. मुलगा या गावी राहायला आल्यापासून ती मागची खोली माझ्या डोळ्यांपुढे येत होती. मला त्याचं गाव बघायचं होतंच. पण ते कुठल्या प्रकारचं पिणं आहे, दार लावून की दार उघडून, हेही बघायचं होतं.

ते सगळं साजरं आहे असं मी म्हणणार नाही. होफब्रॉयहाउस हे तिथलं सर्वांत नावाजलेलं, 1589 साली ड्यूकने काढलेलं. खाली कमानींचा दिवाणखाना, बँड, लीटर-लीटरचे मग, आणि रोजच्या गिऱ्हाइकांचे मग कुलपात ठेवायची लोखंडी मांडणी, बँकेतल्या लॉकरसारखी. त्यांची टेबलंही ठरलेली, श्टामटिश म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात 24 फेब्रुवारी 1920 रोजी हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचून दाखवला. तीच लांब बाकं, तोच गजर. माणसं खांद्याला खांदा लावून बसतात तेव्हा ती गातात, आणि कुणी चेतवलं तर तशीच एकत्र पेटतात.

नदीपलीकडचं ब्युर्गरब्रॉयकेलर आता उरलेलं नाही. 1979 साली पाडलं. तिथूनच 1923 साली हिटलरने बंडाचा पहिला प्रयत्न केला होता. गेओर्ग एल्सर नावाच्या एका सुताराने 1939 साली तिथे रात्री-रात्री लपून सभागृहाचा खांब पोखरला आणि त्यात बॉम्ब ठेवला. 8 नोव्हेंबरला तो फुटला, पण हिटलर तेरा मिनिटं आधीच निघून गेला होता. आठ माणसं गेली, त्यांत एक वाढणारी बाई होती. एल्सरला 1945 च्या एप्रिलमध्ये डाखाऊच्या छळछावणीत गोळी घातली. जिथे तो खांब होता तिथे आता फरशीत एक पाटी आहे. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. अहिंसेच्या हिशोबात तो सुतार कुठे बसतो ते मला मांडता आलं नाही. त्या बाईचं मरण मांडता येत नाही, आणि ती तेरा मिनिटंही मांडता येत नाहीत. हे सुद्धा त्या बिअरच्या बाकांवरच घडलं, एवढं खरं.

हिर्शगार्टनमध्ये डबा आवरताना मी मुलाला विचारलं, "तू घेतोस का रे?"

यांनी हरणांकडे तोंड वळवलं.

तो म्हणाला, "घेतो, आई. महिन्यातून एखादेवेळी, ऑफिसातल्यांबरोबर, इथंच. घरी नाही. तुला खोटं सांगणार नाही."

मला बरं वाटलं नाही. व्रत आमच्या घरात चार पिढ्या चालत आलेलं. ते माझ्यापाशी येऊन संपलं, असं क्षणभर आत हललं. ते मी त्याला सांगितलंही. "मला हे आवडलेलं नाही. मला ते चुकीचंच वाटतं. पण पित्त म्हणाला नाहीस, ते बरं केलंस." त्याला काकांचं काही माहीत नव्हतं. मग त्याच बाकावर, समोरच्या आजीबाई मुळा खात असताना, मी त्याला सगळं सांगितलं: मागची खोली, झाकलेलं ताट, काकूचे मिटलेले ओठ. आमच्या घरात ते पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं. यांनीही ऐकलं. परतताना डब्याची पिशवी त्यांनीच उचलली.

आता रविवारी फोनवर तो आपणहून सांगतो, "आई, आज गार्टनमध्ये चाललोय." पुढचं मी विचारत नाही, तोच सांगतो, कधी रस, कधी ते. मी ऐकून घेते, आवडलं नाही तर तसं सांगते, आणि मग विचारते, "डब्यात काय नेतोयस?"