जुन्या पिस्तुलाचा शोध : जानेवारी १९४८

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिक वद्य एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. घाटाखालच्या लोकांची ही धाकटी पंढरी. येथील देवाला बोंबल्या विठोबा म्हणतात आणि त्याच्या दारातला बाजार सुक्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे. तुकाराम महाराज घाट उतरून येथे मिरची विकण्यास येत, अशी कथा या परिसरात आजही सांगितली जाते. अशा बाजारांचा एक जुना रिवाज आहे. वस्तू हातात घेतल्याशिवाय तिचे मोल करायचे नाही. बोंबील वास घेऊन घ्यावा, बैलाचे वय दात पाहून ठरवावे, घोंगडी उजेडासमोर धरावी. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबणारा फसतो, हे ठाऊक असण्यासाठी शाळेत जावे लागत नाही.

आजचा धागा अशाच एका खरेदीचा आहे. मात्र जी वस्तू हवी होती ती कोणत्याही यात्रेत मांडलेली नव्हती.

अमेरिकेत गहाणवटीच्या दुकानात काचेच्या कपाटात वापरलेली पिस्तुले ओळीने ठेवलेली असतात. कर्ज फेडता न आलेल्या कोणाची तरी वस्तू दुसरा कोणी विकत घेतो. आपल्याकडे सावकाराच्या पेढीवर दागिना येई, तांब्यापितळेची भांडी येत, जमिनीचा कागद येई. पिस्तूल तेवढे येत नसे. त्याचे कारण १८७८ चा शस्त्र कायदा. लॉर्ड लिटनच्या काळात झालेल्या या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे, विकणे आणि नेणे हा गुन्हा ठरला. स्वातंत्र्य मिळाले तरी कायदा तोच राहिला. नवा कायदा यायला १९५९ उजाडले. त्यामुळे ज्याला परवाना मिळणार नाही त्याला दुकान नव्हते, किंमत विचारण्याची सोय नव्हती आणि माल निकृष्ट निघाला तर दाद मागण्याची जागाही नव्हती. त्याच्या हाती उरत ती फक्त ओळखीची माणसे.

१९४८ च्या जानेवारीत पुण्याचे दोघे नेमक्या याच अडचणीत होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे. एक ‘हिंदु राष्ट्र’ या दैनिकाचा संपादक, दुसरा व्यवस्थापक. त्यांनी गांधीजींना ठार मारण्याचे ठरवले होते. नथुरामने १३ आणि १४ जानेवारीला आपल्या विम्याच्या पॉलिसींवर वारस म्हणून आपटे व धाकटा भाऊ गोपाळ यांच्या पत्नींची नावे लावली. कागद व्यवस्थित झाले. भरवशाचे हत्यार मात्र नव्हते.

पुण्यात दिगंबर बडगे याचे ‘शस्त्र भांडार’ होते. चाळीसगावकडून आलेला हा गृहस्थ दर्शनी सुरे, जांबिये अशी हत्यारे विकी आणि आडून दारूगोळा व बंदुकाही पुरवी. त्या वर्षी अशा मालाला गिऱ्हाईक होते. नुकतेच महायुद्ध संपले होते, सैनिक घरी परतले होते, लष्करी सामान वाटेत गळत होते. निजामाच्या राज्याच्या सीमेवर तणाव होता आणि तिकडे शस्त्रे पाठवण्यासाठी पैसे देणारेही होते. बडगेला विचारसरणीचा माणूस म्हणण्यापेक्षा दुकानदार म्हणणे अधिक योग्य. त्याची पुढची सगळी वागणूक दुकानदाराची आहे.

१० जानेवारीला आपटेने त्याच्याकडे यादी दिली: गन-कॉटनच्या दोन लाद्या, पाच हातबॉम्ब आणि दोन रिव्हॉल्वर. बडगेने लाद्या आणि बॉम्ब देण्याचे कबूल केले. रिव्हॉल्वर नाहीत म्हणून सांगितले. स्फोटके सहज मिळत होती, हातात मावणारे चालू हत्यार मिळत नव्हते. साऱ्या कटाची नड या एका उत्तरात आहे.

१४ जानेवारीला बडगे आपला नोकर शंकर किस्तय्या याच्यासह ती पिशवी घेऊन आगगाडीने मुंबईकडे निघाला. त्याच दिवशी गोडसे आणि आपटेही पुण्याहून गाडीने मुंबईस गेले. पुण्याहून येणारी गाडी बोरघाट उतरते, पळसदरीला खोपोलीचा फाटा मागे टाकते आणि कर्जतला येते. तेव्हा त्या दिवशी गांधीहत्येच्या पहिल्या प्रयत्नाचे सामान साजगावच्या डोक्यावरच्या डोंगरातून गेले. डब्यातल्या प्रवाशांच्या लेखी ती फक्त एक पिशवी होती.

मुंबईत भुलेश्वरच्या मोठ्या मंदिरातील दीक्षित महाराजांच्या घरी ती पिशवी ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी महाराजांकडेच रिव्हॉल्वर मागितले गेले. त्यांनी दिले नाही. हा नकार लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

मग अदलाबदल सुरू झाली. बडगेच्या साक्षीनुसार नथुरामने पुण्यात त्याच्या हाती एक छोटे पिस्तूल दिले आणि त्याच्या बदल्यात मोठे रिव्हॉल्वर आणण्यास सांगितले. बडगेने ओळखीच्या एकाकडून ते बदलून आणले. जुनी सायकल देऊन दुसरी जुनी सायकल घ्यावी, तसा हा सौदा. दुसरे रिव्हॉल्वर गोपाळचे. तो खडकीला लष्करी वाहनांच्या सुट्या भागांच्या भांडारात नोकरीला होता. (रिव्हॉल्वरमध्ये गोळ्यांची नळकांडी फिरते, पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या कप्प्यातून वर येतात. हा फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण पुढे नळकांडीनेच दगा दिला.)

२० जानेवारीची सकाळ. दिल्लीत हिंदू महासभा भवनामागे तेव्हा झाडी होती. तेथे दोन्ही हत्यारे पारखली गेली. इतक्या उशिरा, म्हणजे ज्या संध्याकाळी ती वापरायची त्याच दिवशी! गोपाळच्या रिव्हॉल्वरची नळकांडी फिरेना. बडगेच्या रिव्हॉल्वरची गोळी झाडापर्यंत पोचलीच नाही. गोपाळने खोलीतून तेलाची बाटली आणि चाकू मागवला आणि गवतात बसून दुरुस्ती सुरू केली. एवढ्यात तीन वनरक्षक आले. हत्यारे झाकली गेली, गोपाळने त्यांच्याशी पंजाबीत दोन शब्द बोलून वेळ निभावली आणि ते निघून गेले. नंतर न्यायालयात त्यांच्यातील एकाची साक्ष झाली. तीन सरकारी नोकरांच्या डोळ्यांसमोर काही माणसे झाडीत बसली होती आणि त्यांना संशय घेण्यासारखे काही दिसले नाही. त्यांना दोष देता येत नाही. तेल आणि चाकू घेऊन बसलेला माणूस कोणालाही काहीतरी दुरुस्त करणारा माणूसच वाटणार.

त्या संध्याकाळी बिर्ला भवनात काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. मदनलाल पाहवाने भिंतीजवळ गन-कॉटनची लादी उडवली आणि तो पकडला गेला. बडगेने प्रार्थनास्थळामागच्या नोकरांच्या खोलीत शिरून तेथून गोळी झाडायची होती. त्या खोलीपाशी माणसे बसलेली पाहून तो घाबरला आणि आत गेला नाही. त्याने आपले आणि शंकरचे रिव्हॉल्वर टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले आणि ती पिशवी बाहेर उभ्या टॅक्सीत ठेवून दिली. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाला अपयशी कट म्हणतात. त्यातला बराचसा भाग बिघडलेल्या जुन्या मालाचा आणि तो माल ज्याला पुरता ठाऊक होता त्या दुकानदाराच्या भीतीचा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

यानंतरचे दहा दिवस हा या धाग्याचा खरा विषय आहे. मदनलाल पोलिसांच्या ताब्यात होता. रुइया महाविद्यालयाचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने आपला बेत आधीच सुचवला होता. २१ तारखेला जैन यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना ते सांगितले. म्हणजे एकीकडे माहिती वर चढत होती आणि दुसरीकडे दोघे माणसे एका चालू पिस्तुलासाठी दारोदार फिरत होती. पिस्तूल आधी मिळते की माहिती आधी पोचते, एवढाच प्रश्न उरला होता. १९६६ ते १९६९ या काळात न्या. जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने या दहा दिवसांची चौकशी केली, आणि मुंबई व दिल्लीच्या पोलिसांत माहितीचा धागा कसा तुटत गेला हे त्या अहवालात पानोपान वाचायला मिळते.

२६ जानेवारीला गोडसे आणि आपटे पुन्हा भुलेश्वरला गेले. दादा महाराज आणि दीक्षित महाराज हे दोघे भाऊ. त्यांच्याकडे पुन्हा रिव्हॉल्वरची मागणी झाली आणि पुन्हा नकार मिळाला. पुण्यामुंबईचा बाजार येथे संपला. नवा माल आणणे शक्य नव्हते. १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून आली होती आणि त्यातल्याच एका पिस्तुलाने अनंत कान्हेरेने नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा विलायतेत खरेदी करणारी माणसे होती, वेळ होता. १९४८ च्या या दोघांकडे दोन्ही नव्हते.

२७ जानेवारीला ते विमानाने दिल्लीस गेले आणि त्याच दिवशी आगगाडीने ग्वाल्हेरला पोचले. रात्री त्यांनी डॉ. दत्तात्रय परचुरे यांचे घर गाठले. फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार दुसऱ्या दिवशी गंगाधर दंडवतेमार्फत शोध झाला. घराच्या अंगणात एक गावठी रिव्हॉल्वर चालवून पाहिले गेले आणि ते पसंत पडले नाही. या वेळी माल घेण्याआधी पारखला जात होता. वीस तारखेच्या झाडीने एवढे शिकवले होते. मग एक बेरेटा पिस्तूल आले.

बेरेटा, मॉडेल १९३४. उत्तर इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावी हा कारखाना शतकानुशतके बंदुका घडवत आला आहे आणि हे मॉडेल मुसोलिनीच्या सैन्यासाठी बनले होते. आखूड ९ मिलिमीटरची गोळी, कप्प्यात सात गोळ्या, फारसे न बिघडणारी साधी रचना. त्यावर कोरलेला क्रमांक ६०६८२४. ज्या सैन्यासाठी ते बनले त्या सैन्याने १९४३ मध्ये शरणागती पत्करली होती. शरण आलेल्या सैनिकांची हत्यारे जिंकणाऱ्यांच्या सामानातून घरोघर जातात, हा प्रत्येक युद्धाचा अनुभव आहे. एका माणसाने ते ठेवले असेल आठवण म्हणून, दुसऱ्याने विकले.

२९ तारखेला दोघे पुन्हा दिल्लीत होते. ३० जानेवारीला, सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर त्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या. या वेळी काही अडले नाही.

३१ जानेवारीला बडगे पुण्यात पकडला गेला. तो माफीचा साक्षीदार झाला आणि लाल किल्ल्यात न्या. आत्माचरण यांच्यासमोर त्याने कोणती वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली ते क्रमवार सांगितले. त्याची साक्ष वाचताना दुकानदाराची चोपडी उघडल्यासारखे वाटते: एवढ्या लाद्या, एवढे बॉम्ब, हे दिले, ते बदलून आणले. पश्चात्तापाची भाषा तीत जवळजवळ नाही, पण हिशेबाला स्मरण लागते आणि ते त्याच्यापाशी होते. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. त्याच वर्षी जूनमध्ये सिमल्याच्या अपिलात परचुरे आणि शंकर किस्तय्या निर्दोष सुटले. परचुरे यांच्या कबुलीजबाबावर भिस्त ठेवणे उच्च न्यायालयाला योग्य वाटले नाही. गोडसे आणि आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली.

दंडवतेसह तिघे फरार घोषित झाले होते. ते आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच उभे राहिले नाहीत. पिस्तुलाचा क्रमांक न्यायालयाच्या दप्तरात लिहिला गेला. नथुरामने मात्र न्यायालयात वेगळेच सांगितले होते. ग्वाल्हेरला पिस्तूल मिळाले नाही, दिल्लीत निर्वासितांच्या छावण्यांमध्ये फिरताना एका निर्वासिताकडून आपण ते विकत घेतले, असे तो म्हणाला. त्याने हत्या कबूल केली, हेतू सांगितला, ज्या वस्तूने हत्या केली ती पुढ्यात असताना नाकारली नाही. त्याच्या जबानीत विकणाऱ्याला तेवढे नाव नाही.