मशीद रस्ता आहे, मशीद नाही

जर्मनीची राजधानी बर्लिन. तिच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर व्युन्सडॉर्फ नावाचे छोटे गाव आहे. आजूबाजूला रेताड जमीन, पाइनची दाट झाडी आणि गावाशेजारी मोठे तळे. बर्लिनहून ड्रेस्डेनकडे जाणारी रेल्वे याच गावावरून जाते. आम्ही येथे मुद्दाम उतरलो, कारण गावातल्या एका रस्त्याचे नाव ‘मोशेश्ट्रासे’, म्हणजे ‘मशीद रस्ता’, असे आहे. रस्ता आहे, मशीद मात्र नाही.

ही मशीद १९१५ च्या जुलै महिन्यात उभी राहिली. जर्मनीच्या भूमीवर नमाजासाठी बांधलेली ती पहिली मशीद. संपूर्ण लाकडी, वर घुमट आणि सुमारे २३ मीटर उंच मिनार. बांधणारे होते जर्मन सरकार आणि नमाजी होते युद्धकैदी!

पहिले महायुद्ध चालू होते. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांतून लढणारे मुसलमान शिपाई जर्मनांच्या हाती लागत होते. त्यांच्यासाठी येथे ‘अर्धचंद्र छावणी’ उघडण्यात आली. उत्तर आफ्रिकेचे अरब होते, तसे आपल्या हिंदुस्थानातले पंजाबी आणि पठाणही होते. शीख आणि गुरखा शिपाईही येथेच ठेवले होते. रशियन फौजेतल्या तातार मुसलमानांसाठी जवळच वेगळी छावणी होती.

कैद्यांना नमाजाची, रोज्यांची मोकळीक होती. जनावर स्वतः जबह करण्याचीही परवानगी होती. ही मेहरबानी मात्र फुकट नव्हती. १९१४ च्या नोव्हेंबरात जर्मनीच्या मित्राने, उस्मानी सुलतानाने, जिहाद पुकारला होता. कैद्यांनी बाजू बदलून इंग्रज, फ्रेंच आणि रशियनांविरुद्ध लढावे, म्हणून छावणीत वर्तमानपत्रे वाटली जात. हिंदी शिपायांसाठी ती उर्दू आणि हिंदीतही निघत. इंग्रजांनी या माणसांना साम्राज्यासाठी लढवले, जर्मनांना ती दीनच्या नावावर हवी होती. अल्लाहच्या घराचा असा वापर पाहून मन खिन्न होते. हिंदी कैद्यांपैकी फारच थोडे त्या हाकेला गेले.

याच छावणीत जर्मन भाषातज्ज्ञ यंत्र घेऊन आले आणि त्यांनी कैद्यांची गाणी, गोष्टी, बोलणे तबकड्यांवर उतरवून घेतले. त्या तबकड्या बर्लिनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत. माणसे गेली, आवाज राहिले.

थंडी आणि क्षयाने अनेकांचा बळी घेतला. १९१७ मध्ये बऱ्याच कैद्यांना रुमानियात हलवले गेले. काही मात्र कायमचे येथेच राहिले. जवळच्या जंगलात, त्सेरेन्सडॉर्फ येथे, दोनशेहून अधिक हिंदी शिपायांची दफनभूमी आहे. घरापासून हजारो मैल दूर पडलेल्या त्या मुसाफिरांसाठी आम्ही दुआ-ए-मगफिरत केली.

युद्धानंतर मशीद मोडकळीस आली आणि काही वर्षांतच ती पाडण्यात आली. गावाची लष्कराशी असलेली गाठ मात्र सुटली नाही. हिटलरच्या काळात येथे जमिनीखाली लष्करी मुख्यालय बांधले गेले. पुढे सोव्हिएत फौजेचे जर्मनीतील मुख्यालयही येथेच आले. त्या काळात येथून थेट मॉस्कोला रेल्वे सुटत असे. १९९४ मध्ये ते सैन्य गेले आणि रिकाम्या बराकी मागे राहिल्या. १९९८ पासून हे गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखले जाऊ लागले.

२०१५ मध्ये मशिदीच्या जागी निर्वासितांसाठी निवारा उभारायचे ठरले. त्याआधी पुरातत्त्व अभ्यासकांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जमिनीतून मशिदीच्या खुणा वर आल्या. त्या वर्षी जर्मनीत आसरा मागायला आलेल्यांत सीरिया, इराक, अफगाणिस्तानचे मुसलमान मोठ्या संख्येने होते. शंभर वर्षांपूर्वी याच जागी मुसलमान बंदी म्हणून आणले गेले होते. आता ते युद्धापासून जीव वाचवत येत होते, आणि त्यांच्याकडून कोणाला शिपाई नको होते.