बापू, पाणी कुणाचं पिणार?

संगमनेर

चि. बापू,

भंडारदऱ्याला प्लॉट बघितला आणि टोकनही देऊन आलो, हे तू फोनवर इतक्या सहज सांगितलंस की ताईला धड रागावताही आलं नाही. वर विचारतोस, निवृत्तीनंतर राहायला अकोले तालुक्याचा डोंगर बरा की आपलं नगर? हा प्रश्न टोकन देण्याआधी विचारायचा असतो. आबा असते तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने येऊन त्यांनी तुझं दार वाजवलं असतं. ताईचे गुडघे त्या प्रवासाला राजी नाहीत, म्हणून हे पत्र. वहिनींनाही वाचून दाखव. त्यांना विचारलं होतंस ना?

भंडारदरा सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण तू पाहिलास तो ऑगस्टमधला. रंधा धबधबा कोसळत असतो, कळसूबाई ढगात असते, रतनवाडीच्या रस्त्याला जागोजागी ओहोळ आडवे येतात. घाटघर-रतनवाडीकडे कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. याच जिल्ह्यात पारनेर-कर्जतकडे पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. मग जिथे एवढा पाऊस तिथे पाण्याची काय कमी, असं तुला वाटलं असणार. पुण्या-मुंबईहून जागा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तसंच वाटतं.

सह्याद्रीचा तो कातळ पाणी धरत नाही, बापू. पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं आणि होळी झाली की वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन झऱ्यांच्या मागे लागतात. समोर धरण भरलेलं दिसतं, पण ते त्यांच्यासाठी बांधलेलं नाही. भंडारदऱ्यालगतच्या शेंडी गावच्या विल्सन धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं, ते खालच्या दुष्काळी मुलखासाठी. अकरा टीएमसी पाणी प्रवरेतून आणि तिच्या कालव्यांतून राहाता-श्रीरामपूरपर्यंत जातं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच पाण्यावरच्या उसाच्या जोरावर. खालच्या अंगाला निळवंडे धरण. त्याला मंजुरी १९७० सालची आणि डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं ते २०२३ मध्ये! दोन पिढ्या त्या पाण्याची वाट बघत म्हाताऱ्या झाल्या. शिवाय तुटीच्या वर्षी जायकवाडी धरणासाठी मराठवाड्याच्या हिश्शाचं पाणी सोडावं लागतं, तेव्हा नगर-नाशिकचे लोक कोर्टाच्या पायऱ्या चढतात. एवढ्या लोकांनी ज्याच्यावर हक्क सांगितला आहे, ते पाणी तुला गॅलरीतून दिसेल. नळाला ते येईलच असं कुणी लिहून दिलंय का?

तुझा प्लॉटचा एजंट म्हणाला, ‘बोअर मारून देतो.’ ताईची झोप उडाली ती या एका वाक्याने.

बोअर घेणारा आपल्या जमिनीत भोक पाडतो, पण पाणी सगळ्या शिवाराचं ओढतो. तीनशे फुटांवर तुला पाणी लागेल, आणि खालच्या अंगाच्या वाडीतली तीस फुटांची विहीर मार्चऐवजी जानेवारीत तळ गाठेल. तात्यांनी बोअर घेतल्यावर आपल्या पिंपळाच्या विहिरीचं काय झालं ते तू पाहिलं आहेस. आबांनी त्यानंतर तात्यांच्या ओसरीवर कधी पाय ठेवला नाही. तिथे तर सख्खे भाऊ होते. इथे तू परका असशील, पैसेवाला असशील, आणि वाडीला पाणी नसेल. म्हातारपणी असे शेजारी करून घ्यायचे?

आपल्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघ. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर निम्मं गाव पोटासाठी बाहेर पडलं होतं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, बंधारे बांधले, चर खोदले गेले, झाडं लागली. हे सगळीकडे छापून येतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाने स्वतःला घालून घेतलेली बंधनं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस किती झाला ते मोजायचं आणि मग ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही, असंही त्यांनी ठरवलं. हे ऐकून तुला वाईट वाटेल, पण त्यामागचं शहाणपण लक्षात घे. बाहेरून येणारा पैसे घेऊन येतो, पाणी घेऊन येत नाही. शहरात गेलेली कुटुंबं त्या गावात परत राहायला आली ती या शिस्तीमुळे.

बाहेरच्याने कुठे जाऊच नये, असं ताईचं म्हणणं नाही. दौंड रस्त्यावरचं अरणगाव आठव. मेहेरबाबा १९२३ साली तिथल्या ओसाड लष्करी तळावर आले. पुढे ऑस्ट्रेलियाचे कवी फ्रान्सिस ब्रेबझन १९५९ पासून दहा वर्षं पिंपळगावच्या मेहेराझाद आश्रमात राहिले. १९६९ मध्ये बाबांनी देह ठेवल्यावरही अमेरिकेतून, युरोपातून माणसं येत राहिली. काही कायमची राहिली, इथेच म्हातारी झाली, इथेच गेली. कोरडं रान, मे महिन्यातला फुफाटा, भाषा येत नाही, तरी ती टिकली. त्यांना उठल्यावर करायला काम होतं, दवाखान्यात, बागेत, यात्रेकरूंच्या व्यवस्थेत, आणि आजारी पडल्यावर दार लोटून आत येणारी माणसं होती. तुझ्या प्लॉटवर सकाळी आठनंतर काय करणार आहेस?

फंडाच्या पैशाचंही तसंच. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे १९७५ साली फौजेतून घरी आले आणि फंडाचे वीस हजार रुपये त्यांनी यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या दुरुस्तीला लावले. सगळ्यांनी तसं करावं असं नाही. वहिनींचा तुझ्या फंडावर हक्क आहे. पण अण्णांच्या त्या रकमेतून राळेगणात माणसं एकत्र बसायला जागा झाली. तुझ्या फंडातून काय उभं राहणार आहे ते बघ. कुंपण, फाटक आणि पाण्याची टाकी.

आता कागदांचं बघू, कारण इथे काळजी जास्त आहे. अकोल्याचा पश्चिम भाग आदिवासी मुलूख आहे, महादेव कोळी आणि ठाकरांचा. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना सरकारी मंजुरीवाचून घेता येत नाही. महसूल संहितेची ३६ आणि ३६-अ ही कलमं त्यासाठी आहेत. १९७४ च्या कायद्याने अशा जमिनी मूळ मालकाला परतही दिल्या गेल्या आहेत, आणि ते योग्यच झालं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात काय शेरा आहे तो वाच. जमीन शेतीची असेल तर तू शेतकरी असल्याचा दाखला लागेल. आबांच्या सातबाऱ्यावर तुझं नाव अजून लागलेलं नाही, कितीदा सांगून झालं! आणि ‘सामाईक सातबाऱ्यावर नाव चढवून देतो’ असं एजंट म्हणाला असेल तर तिथूनच माघारी फिर. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य लागूनच आहे. बांधकामाला काय चालतं, काय नाही, तेही विचारायला हवं.

आणि तुझी अँजिओप्लास्टी? राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण हृदयाचं दुखणं निघालं तर नाशिक किंवा संगमनेर गाठायचं, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटर. पावसाळ्याच्या रात्री, धुक्यात, गाडी कोण चालवणार? वहिनी चालवत नाहीत आणि तुझ्या डोळ्याला मोतीबिंदू आहे.

राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, हे आबा किती अभिमानाने सांगायचे. निवृत्तीचं गाव एसटीवरून निवडावं, असं ताईला मनापासून वाटतं. पंचाहत्तरी झाली की तिकीट लागत नाही, कुणाची मिनतवारी नको, आणि जिथे दिवसाला दहा गाड्या थांबतात तिथे दवाखाना, औषधांचं दुकान, बँक आणि वाचनालयही असतंच. नगरला मुळा धरणाचं पाणी मिळतं. रोज येत नाही, त्याबद्दल नगरकर बोलतातही, पण ते पाणीपट्टी भरून, सगळ्यांच्या रांगेतून येतं. संगमनेर आहे, अकोले गाव आहे. डोंगरच हवा असेल तर अकोल्यात दोन खोल्या भाड्याने घ्या. हवं तेव्हा तासाभरात भंडारदऱ्याला जाऊन या.

साठेखतावर सही करू नकोस. टोकनाची पावती आणि सातबाऱ्याचा उतारा या आठवड्यात इकडे पाठव. इथल्या वकिलांना दाखवता येईल. आणि घ्यायचंच ठरलं तर आधी एप्रिल-मेमध्ये दोघंही शेंडीत पंधरा दिवस राहा, वाडीतल्या बायका पाण्याला किती लांब जातात ते त्यांच्याबरोबर चालून बघा, मगच एजंटाला फोन करा.

तुझी,
ताई