नेक हाताला जुळली पाहिजे

माझी पहिली गिटार मावसभावाची होती. तो पुण्याला नोकरीला गेला आणि गिटार त्र्यंबकला आमच्या घरी आली. आवाज भरदार, पण नेक कुदळीच्या दांड्यासारखी जाड. सी, जी, डी हे कॉर्ड जमले. एफला हात अडला. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं, बाकीची तीन पुढं पोचवायची आणि मागून अंगठ्याचा आधार द्यायचा. अंगठा नीट टेकवला की करंगळी तारेपर्यंत जात नसे. करंगळी पोचवली की मनगट दुमडायचं आणि कोपरापर्यंत कळ जायची. घरातले समजूत काढायचे, बोटांत जोर आला की होईल.

पुढे नाशिकला क्लास लावला. तिथल्या सरांनी एक दिवस स्वतःची गिटार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "यावर लाव बघू एफ." सगळ्या तारा स्वच्छ वाजल्या नाहीत, पण कॉर्ड ओळखू आला आणि मनगट सरळ राहिलं. मग त्यांनी व्हर्निअर कॅलिपर लावून दाखवलं. माझ्या गिटारची नेक पहिल्या फ्रेटपाशी २४ मिलिमीटर जाड होती, त्यांची २१. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला लगेच कळतो. त्या दिवसापासून कुठलीही गिटार हाती आली की मी आधी तिची नेक चाचपते.

नेकची पाठ सगळीकडे सारखी घडवलेली नसते. इंग्रजी सी अक्षराच्या वळणाची गोल पाठ सर्रास आढळते. डी वळणाची मागून जरा सपाट. अंगठा मध्यावर टेकवून वाजवणाऱ्यांना ती मानवते. व्ही वळणाच्या नेकला मागं मधोमध उंचवटा असतो. अंगठा वरून काढून नेक मुठीत धरायची सवय असेल तर तो उंचवटा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात बसतो. बारीक नेक सगळ्यांनाच सोयीची, असंही नाही. फार पातळ नेकवर तळव्याला टेकायला काही उरत नाही, सगळा दाब चिमटीत येतो आणि थोड्या वेळानं अंगठ्याचं मूळ ठणकायला लागतं. मोठ्या पंजाचे वादक म्हणूनच कित्येकदा जाड नेक मागतात.

समोरच्या बाजूचंही तसंच. फिंगरबोर्ड वरवर सपाट दिसतो, पण स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारींत तो मध्ये किंचित फुगीर असतो. ही गोलाई त्रिज्येनं मोजतात. आकडा जितका लहान तितकी गोलाई जास्त. फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या गिटारींची त्रिज्या सव्वासात इंच, आजच्या बऱ्याच फेंडरची साडेनऊ, गिब्सनची साधारण १२, मार्टिनच्या अकूस्टिक गिटारींची १६. क्लासिकल गिटारचा बोर्ड बहुधा सपाटच, शिवाय रुंद: नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, ५२ मिलिमीटरच्या आसपास. स्टीलच्या तारांची गिटार तिथं ४३-४४ भरते.

आडवं दाबलेलं बोट कधीच पट्टीसारखं सरळ राहत नाही, त्यामुळे गोलसर बोर्डावर बार कॉर्ड कमी कष्टात लागतो. पण त्याच बोर्डावर वरच्या फ्रेटमध्ये बारीक तार ओढून सूर चढवायला जावं, तर ती फुगवट्यावर येते, पुढच्या फ्रेटला घासते आणि सूर मध्येच मरतो. तो वाचवायचा तर तारा उंच ठेवाव्या लागतात, म्हणजे दाबायला पुन्हा जोर. यावर तोड म्हणून काही गिटारींत नटपाशी गोलाई जास्त आणि बॉडीकडे जाताना कमी ठेवतात.

तार ओढायची सोय सतारीत कशी केली आहे हे मी मिरजेच्या बनावटीची एक सतार मांडीवर घेतली तेव्हा समजलं. तिचे पडदे धातूचे, कमानदार, दोऱ्यानं बांधलेले आणि दांडीपासून इतके उचललेले की त्यांच्याखालून तरफेच्या तारा जातात. दांडी गिटारच्या नेकपेक्षा कितीतरी रुंद, म्हणून बाजाची तार आडवी ओढायला जागा मिळते आणि एकाच पडद्यावरून चार-पाच सुरांपर्यंत मींड घेता येते. तिथं एका बोटानं सहा तारा दाबायचं कामच नाही.

आमच्या गावात तर वेगळंच वाद्य दिसतं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या येतात, तेव्हा विणेकरी वीणा खांद्याला लावून उभे असतात. डाव्या हातानं दांडी सावरायची, उजव्या बोटांनी मोकळ्या तारा छेडायच्या. तिथं सोय बघायची ती खांद्याची आणि तोलाची. ज्या वाद्याकडून जे काम घ्यायचं, त्या कामाला सोसेल अशी त्याची दांडी हवी.

त्र्यंबकच्या पावसाचाही यात हात आहे. ब्रह्मगिरीवर ढग उतरले की महिनोन् महिने हवा ओली. लाकूड दमट होऊन फुगतं, तारा बोर्डापासून वर जातात आणि कालपर्यंत लागणारा कॉर्ड आज लागत नाही. अशा वेळी नेकमधली सळई जाणकाराकडून जुळवून घ्यावी. चकचकीत वार्निशची नेक घामट हाताला चिकटते. मंद पॉलिशवर हात सरकतो. एप्रिल-मे मध्ये उलट होतं: बोर्ड आक्रसतो, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येतात आणि हात सरकवताना तळवा खरचटतो. ती टोकं घासून घेतली की त्रास संपतो.

आता मी इथल्या मुलांना शिकवते. एखाद्याचा एफ लागत नसेल तर आधी तारांची उंची बघते, मग नेकवरची त्याची पकड, आणि गरज वाटली तर छोट्या हातासाठीची गिटार सुचवते. रियाज तर करायचाच. त्याला पर्याय नाही. पण दहा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाची नेक देऊन तिच्या बोटांत जोर नाही म्हणणं हा अन्याय आहे. गिटार घ्यायला जाल तेव्हा मुलीला सोबत न्या, नेक तिच्या हातात द्या आणि काय वाटतं ते तिलाच विचारा.