करवतकाठी वीस मिनिटं

गणपती आले कधी आणि गेले कधी, हे दिवाळी अंकाची प्रुफं वाचणाऱ्या माणसाला विचारू नये. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी भर दुपारी मी एका लांबलचक कथेचं दुसरं प्रूफ घेऊन बसले होते. चौथा फर्मा, पान ५७. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंतचं जागरण, सकाळपासून पोटात फक्त तीन कप चहा आणि खाली चौकात मंडळाचा स्पीकर.

वाचता वाचता ‘रविवारी’चं ‘रवि’ झालं. समासात खूण केली. पुढच्या ओळीत ‘विचारपूस’मधली ‘पूस’ गायब. तिथेही खूण केली. तिसऱ्या ओळीत ‘माणसांना’चं नुसतं ‘माण’ उरलं तेव्हा डीटीपी करणाऱ्या मुलाच्या नावाने बोटं मोडली. त्याला फोनवर झापण्याआधी खात्री करावी म्हणून नजर परत वर नेली आणि नेमकी ‘वारी’वर टेकवली. ‘वारी’ जागच्या जागी होती. आता तिच्यापुढचा शब्द नव्हता.

तिथे काळा डाग नव्हता, धूसरपणाही नव्हता. कागद होता, कोरा, पांढरा. आणि शिरोरेषा तेवढ्यापुरती गुपचूप तुटलेली. पंचवीस वर्षं मी वेलांट्या-उकारांवर पोट भरते आहे. अक्षर चुकलंय की अक्षर आपल्याला दिसत नाहीये, एवढंही मला कळू नये, याची भीती वाटण्याआधी लाजच वाटली.

चष्मा पुसला. तोंडावर पाणी मारलं. पाचेक मिनिटांत त्या कोऱ्या जागेला कड फुटली. चंद्रकोरीसारखी वळलेली, चमचमणारी, दातेरी. माझ्या आजीच्या नागपुरी लुगड्याला करवतकाठी किनार असे. तीच किनार कुणीतरी उन्हात धरून हलवतंय, असं दिसत होतं. डोळे मिटले तरी ती दिसतच होती. हळूहळू ती मोठी होत उजवीकडे सरकली, आणि ती जिथून पुढे गेली तिथली अक्षरं एकेक करून परत आली.

मुलगा बंगळूरला असतो. मोबाइलमध्ये त्याचं नावही अर्धंच दिसलं, पण बोटाला जागा पाठ होती. त्याने व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. “आई, आधी हस बघू. आता दोन्ही हात वर कर. आज वार कुठला?” मी सगळं नीट केलं. मग म्हणाला, “आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा.” मी म्हटलं, एवढा फर्मा संपवते आणि जाते. फर्मा संपला नाही. डोकं डाव्या बाजूने ठणकायला लागलं, क्रोसिन घेतली आणि मी चक्क झोपले. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून घडलेला खरा मूर्खपणा तोच, आणि दुसऱ्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टने तो मला स्पष्ट शब्दांत ऐकवला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारण्याआधी प्रश्नच विचारले. “काकू, नक्की किती वाजता सुरू झालं? एकदम दिवे गेल्यासारखं, की हळूहळू पसरत गेलं? एक डोळा झाकून पाहिलंत का?” पहिल्याचं उत्तर मला देता आलं नाही, तिसऱ्याचंही नाही. दुसऱ्याचं मात्र करवतकाठासकट दिलं. त्यांनी कागदावर एक दातेरी कोर काढून माझ्यापुढे सरकवली. “हेच का?” हेच होतं.

याला म्हणतात मायग्रेनचा ऑरा. आपल्याकडची अर्धशिशी, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत अर्धावभेदक या नावाने येते ती. डोकं दुखण्याआधी काही जणांना असा देखावा दिसतो, आणि काहींना, विशेषतः वय वाढल्यावर, नुसताच देखावा दिसतो, डोकं दुखतच नाही. अशांची फार धांदल उडते, कारण डोकेदुखीशिवाय अर्धशिशी असते हे त्यांच्या गावीही नसतं.

अर्धं नाव गिळणाऱ्या या प्रकाराची एक जुनी नोंद विल्यम वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाची आहे. पॅलॅडियम आणि ऱ्होडियम हे धातू शोधणारा तोच हा वोलास्टन. अंगमेहनतीनंतर एकदा त्याला समोरून येणाऱ्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसला. दारावरची ‘जॉन्सन’ ही पाटी वाचायला गेला तर हाती लागलं फक्त ‘सन’. पाव तासात सगळं पूर्ववत झालं. दुसरा कुणी असता तर विसरून गेला असता. याने १८२४ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि तर्क मांडला, की प्रत्येक डोळ्याच्या नसेतले निम्मे धागे मेंदूच्या एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला जात असले पाहिजेत. नाहीतर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू एकाच वेळी कशी आंधळी होईल? तर्क बरोबर निघाला. डॉक्टर डोळा झाकायला का सांगतात, ते यावरून कळतं. एक डोळा झाकल्यावर बिघाड नाहीसा झाला, तर दोष त्या झाकलेल्या डोळ्यात किंवा त्याच्या रक्तपुरवठ्यात. कुठलाही डोळा झाकला तरी तो तसाच राहिला, तर दोष मागे, मेंदूत. वोलास्टन १८२८ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मेंदूत गाठ सापडली. हे वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही, हेही सांगून टाकते.

दातेरी किनारीचं उत्तम चित्र काढलं ह्यूबर्ट एअरी या डॉक्टरने. १८७० मध्ये छापलेल्या त्याच्या चित्रांत एक ठिपका मिनिटागणिक मोठा होत बुरुज-तटांच्या नकाशासारखा पसरत जातो. त्याचे वडील, ग्रिनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी, यांनाही हेच दिसायचं. अर्धशिशी घराण्यात उतरते ती अशी. मला किल्ला दिसला नाही, लुगडं दिसलं. ज्याने जे पाहिलेलं असतं त्याला ते आठवतं.

पुढे १९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःला येणाऱ्या झटक्यांचे नकाशे काढले आणि हिशेब केला, की मेंदूच्या पृष्ठभागावर हा बिघाड मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकत असणार. त्याला कारण माहीत नव्हतं. ते १९४४ मध्ये अरिस्टिडिस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाच्या हाती लागलं. सशांच्या मेंदूवर काम करताना त्याला पेशींच्या खळबळीची एक लाट दिसली, आणि तिच्या मागे पसरत जाणारी सामसूम. वेग जवळपास तोच. खळबळ म्हणजे चमचमणारा काठ, सामसूम म्हणजे माझा कोरा कागद. ऑरा ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो. माझा अंदाजे वीस मिनिटं टिकला.

इथवर ऐकून मी निर्धास्त झाले होते. “म्हणजे साधी अर्धशिशीच ना?” डॉक्टर म्हणाले, “काकू, तुमचं वय ५३. आधी कधी झालं नव्हतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदा असं होतं तेव्हा मी त्याला साधं म्हणत नाही.” एमआरआय, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी, साखर, रक्तदाब असं सगळं लिहून दिलं.

त्यांची शंका कशाची होती ते टोरांटोच्या हॉवर्ड एंगल यांच्या गोष्टीवरून समजतं. एंगल रहस्यकथा लिहायचे. २००१ च्या जुलैमधल्या एका सकाळी त्यांनी दारातलं वर्तमानपत्र उचललं आणि ते त्यांना कुठल्यातरी परक्या भाषेत छापल्यासारखं वाटलं. फोटो नीट दिसत होते, घर ओळखीचं होतं, बोलता येत होतं. कुणीतरी थट्टा केली असेल असंही मनात येऊन गेलं. मुलाला उठवून ते टॅक्सीने रुग्णालयात गेले. रात्रीत पक्षाघात होऊन गेला होता. अक्षरं दिसत होती, पण त्यांचे शब्द होत नव्हते. लिहिता मात्र येत होतं! सही करता येई, मजकूर लिहिता येई, आणि लिहिलेलं स्वतःला वाचता येत नसे.

पॅरिसच्या जूल देजेरीन या डॉक्टरने असाच रुग्ण १८९२ मध्ये वर्णन केला होता. तो गृहस्थ आकडे वाचायचा, हिशेब करायचा, पण अक्षरापुढे अडायचा. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाचं मागचं टोक निकामी झालेलं आढळलं. उजव्या बाजूला दिसत होतं, पण ते डावीकडच्या भाषेच्या केंद्रांपर्यंत पोचत नव्हतं. एंगल यांनी पुढे जिभेच्या टोकाने टाळूवर अक्षरं गिरवत वाचायला शिकून घेतलं. २००५ मध्ये त्यांची नवी कादंबरी आली, आणि त्यांच्या गुप्तहेरालाही त्यांनी तोच आजार देऊन टाकला. याला म्हणावं हाडाचा लेखक.

पक्षाघाताची एक छोटी बहीण आहे. डॉक्टर तिला टीआयए म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि आपोआप सुरू होतो. बहुतेक वेळा काही मिनिटांचा खेळ. त्या मिनिटांत वाचन जाऊ शकतं, एका डोळ्यावर पडदा येऊ शकतो, शब्द सुचेनासे होऊ शकतात. मग सगळं ठीक, आणि माणूस चहा टाकायला उठतो. धोका तिथे आहे, कारण मोठा झटका येण्याची भीती पुढच्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असते. ऑरा हळूहळू पसरतो आणि चमकतो. टीआयए बहुधा एका क्षणात येतो, आणि त्यात काही चमकत नाही, असलेलं फक्त जातं. पण हा फरक घरी बसून आपला आपण ठरवायचा नाही, हे मला डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

सगळं इतकं भीतीदायकच असतं असंही नाही. तासन्‌तास वाचताना पापण्या लवायच्या कमी होतात, बुबुळ कोरडं पडतं आणि ओळी पुसट होतात. चार वेळा डोळे मिचकावले की स्वच्छ. डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास औषधाच्या बाटलीवरचं वाचता येत नाही, आणि त्याच वेळी रुग्णालयवाले बिल हातात देतात. माझ्या मावसबहिणीने साखर खूप वाढलेली असताना चष्मा करून घेतला. महिन्याभरात साखर उतरली, डोळ्याच्या भिंगाची सूज उतरली आणि तो चष्मा तिला निरुपयोगी झाला. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक ७० च्या खाली घसरली तरी अक्षरं नाचतात, सोबत घाम आणि थरथर येते. लाल झालेला, दुखणारा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील तर मात्र तो काचबिंदूचा तातडीचा झटका असू शकतो. नजरेत एका बाजूने पडदा सरकत आला तर नेत्रपटल सुटत असेल. या दोन्हींत सकाळपर्यंत थांबू नये.

माझे सगळे रिपोर्ट चांगले आले. जागरण बंद, जेवण वेळेवर, दुसरा झटका आला तर लिहून ठेवायचा. तो फेब्रुवारीत बसस्टॉपवर आला. समोरच्या बसवरच्या ‘कोथरूड डेपो’मधला डेपो नाहीसा झाला. या वेळी मी घड्याळ पाहिलं: ४ वाजून १० मिनिटं. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. कोरी जागा दोन्हींत होती. ४ वाजून ३२ मिनिटांनी पाटी पूर्ण वाचता आली, आणि तिथूनच रिक्षा करून मी डॉक्टरांकडे गेले.

वाचकांना हात जोडून एकच सांगणं. वाचता वाचता अक्षरं गेली, तर पहिल्यांदा घड्याळ बघा आणि घरात कुणालातरी हाक मारा. चेहरा वाकडा झाला, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा; १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून मोजतात. मी झोपले होते तेव्हा ते घड्याळ चालूच होतं.

राहिलं पान ५७. समासातल्या माझ्या तीन खुणा पाहून डीटीपीवाल्या मुलाने अदबीने विचारलं होतं, “काकू, इथे नक्की काय दुरुस्त करू?” त्या पानावर खरी चूक एकच होती, आणि ती माझ्या नजरेतून सुटली. सासूबाईंनी सुनीलला जवळ घेतलं, असं अंकात छापून आलं. कथेत सुनील नावाचं पात्र नाही.