अडतीस महिने

वाईनमधलं मला फारसं काही कळत नाही. मी बॅकएंड डेव्हलपर. ऑफिसच्या कामासाठी तीन महिने तोरिनोला होतो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी बारोलोच्या टेकड्या बघायला गेलो, ते द्राक्षांसाठी. निफाडजवळ आमची चार एकर बाग आहे.

ला मोर्रा गावाच्या कठड्यावरून खाली बघितलं, तर दरीत नुसतं धुकं. इटालियनमध्ये धुक्याला ‘नेब्बिया’ म्हणतात. इथल्या द्राक्षाचं नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच पडलं, असं बरेच जण सांगतात. बारोलो वाईन फक्त याच द्राक्षाची आणि फक्त ११ गावांच्या हद्दीतली. किमान ३८ महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही. त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. मी एक ग्लास घेतला. रंग अगदी फिकट, पण पहिल्याच घोटाला जीभ कच्ची सुपारी खाल्ल्यासारखी आकसली.

याच गावातल्या एलिओ आल्तारेची गोष्ट मला माहीत होती. १९७६ साली तो फ्रान्समधल्या बर्गंडीला गेला. तिथले द्राक्षवाले सुखवस्तू होते आणि याच्या घरी पैशांची ओढाताण. परत आल्यावर त्याला सगळंच बदलायचं होतं. वेलीवर घड कमी ठेवायचे, पिंपं छोटी आणि नवी आणायची. वडिलांना ते पटेना. १९८३ साली त्यानं चेनसॉ घेतली आणि वडिलांची जुनी मोठी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळलं. पुढे त्याची वाईन जगभर गाजली, पण वडिलांशी समेट काही झाला नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी शंभर टक्के एलिओच्या बाजूनं होतो. इटलीला निघायच्या आदल्या रात्री मी अण्णांसमोर लॅपटॉप उघडला होता. वीस वर्षांची थॉम्पसनची बाग काढून नवीन व्हरायटी लावली तर किती फायदा, याची एक्सेल शीट. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “ही बाग तुझ्या जन्माआधी नाही लावली. तुझ्या हातानं पाणी घातलंय तिला.” आणि झोपायला गेले. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलास का, पाऊस आहे का.

त्या कठड्यावरूनच मी व्हिडिओ कॉल लावला. खालच्या उतारावर तोडणी चालली होती.

“आता माल निघतो तिकडं? आपल्याकडं छाटणी चाललीय,” अण्णा म्हणाले. मग लगेच, “मांडव नाही? एवढ्या उतारावर फवारणी कशी करत असतील?”

मी एलिओची गोष्ट सांगितली. चेनसॉचं ऐकून ते गप्प झाले.

“बापाचं चुकलं होतं का?”

“वाईन तर चांगली झाली, अण्णा.”

“मी ते नाही विचारलं.”

मला उत्तर सुचलं नाही. मी मोबाईल फिरवून त्यांना धुकं दाखवत राहिलो.

“चांगलंय,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “आलास की ते तुझं गणित परत दाखव. पण आधी छाटणीला ये. कुठला वेल किती दमलाय, ते काडी हातात धरल्याशिवाय कळत नाही.”

पुढच्या ऑक्टोबरची रजा मी आत्ताच टाकून ठेवलीय.