नळीमागच्या रेषा

काचेची नळी, बोटातून घेतलेलं वीस मायक्रोलिटर रक्त, दोन मिलिलिटर द्रावण, काळ्या रेषा छापलेला कागद आणि भरपूर उजेड. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी टेस्टला एवढंच लागतं. झरी जामणी तालुक्यातल्या कोलाम पोडांवर आणि गोंड-परधान वस्त्यांत हे सामान घेऊन मी लॅब टेक्निशियन म्हणून फिरते. रक्तातला एक रेणू उजेडाच्या मदतीनं ओळखायचा, तोही काही रुपयांत. इथे प्रकाश वाचणारं यंत्र म्हणजे माझे डोळे.

द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं. सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला प्राणवायू काढून घेतं. प्राणवायू गेला की सिकलचं हिमोग्लोबिन एस त्या दाट फॉस्फेट द्रावणात विरघळत नाही. नळी गढूळ होते, उजेड विखुरतो आणि मागच्या रेषा दिसेनाशा होतात. रेषा स्वच्छ दिसल्या तर निकाल निगेटिव्ह.

या गढूळपणाचं कारण फार बारीक आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी सिकलसेल हा रेणूचाच आजार असल्याचं दाखवलं. १९५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी फरक नेमका कुठे ते सांगितलं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पुढच्याच वर्षी शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. एका अमिनो आम्लाची ही अदलाबदल मला पोडावरच्या उन्हात नुसत्या डोळ्यांनी दिसते, याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

"एवढ्याशा रगतात तुले का दिसते बाई?" असं म्हाताऱ्या बाया विचारतात. काय दिसतं ते सांगणं सोपं आहे. काय दिसत नाही ते नीट सांगणं हे खरं कसब.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं, म्हणून बाळाला सिकल असूनही नळी स्वच्छ राहू शकते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाचंही तसंच. सगळ्यांत जास्त जपावं लागतं ते रक्त फार कमी असलेल्यांना. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, तर गढूळ व्हायला पुरेसं एस नळीत उतरतच नाही. म्हणजे आजारानं सर्वांत खंगलेल्या माणसाचाच निकाल निगेटिव्ह येण्याचा धोका. अशा वेळी रक्त दुप्पट घ्यावं लागतं. त्यासाठी रुग्णाच्या पापणीच्या आतला फिकेपणा नळीच्या आधी बघावा लागतो. डायथायोनाइट हवेत लवकर निकामी होतं, म्हणून रोज आधी माहीत असलेलं सिकलचं आणि साधं रक्त घेऊन द्रावण पारखते, मगच पहिल्या माणसाचं बोट हातात घेते.

गढूळ नळीही अर्धंच सांगते. एस आहे एवढं कळतं. माणूस वाहक आहे की रुग्ण, ते कळत नाही. वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतो. रुग्णाला हाडं-सांध्यांच्या असह्य कळा येतात, औषध आयुष्यभर लागतं. दोघांना एकच शब्द लावला की लग्नाच्या वयाच्या मुलीचं नुकसान होतं. म्हणून मी "सिकल निघाला" असं तिथे कधीच म्हणत नाही. आणखी एक तपासणी बाकी आहे, एवढंच सांगते आणि नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसाठी पाठवते. निकालात नवरा-बायको दोघंही वाहक निघाले, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मूल होण्याची असते, हे त्यांच्याजवळ बसून शांतपणे समजावते.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. आता प्रतिपिंडांच्या पट्ट्या आल्या आहेत. वाहक आणि रुग्ण त्या काही मिनिटांत वेगळे दाखवतात. अशी साधनं हवीत, स्वस्तच हवीत. पण तपासलेल्यांच्या आकड्यावर समाधान मानायला मी तयार नाही. ज्या मुलीचं रक्त मी घेतलं तिच्या हातात पक्का निकाल, त्याचा अर्थ आणि गरज असेल तर औषध पोहोचलं, की माझी तपासणी पूर्ण झाली.